घराची राखण की घरातल्या बाईची?



या वेळचं संपादकीय घरातल्या कॅमेऱ्यावर लिहायचं ठरलं तेव्हा आमच्यातल्याच एकदोघींनी नाकं मुरडली. दारूचा प्रश्न आहे, जमिनीचे तंटे आहेत, मजुरी थकली आहे, मुलींच्या शाळा सुटताहेत, त्यात हे शहरातलं खूळ कशाला? सवाल रास्त आहे. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या बोलण्यात हा कॅमेरा इतक्या वेळा आला की आता त्याकडे डोळेझाक करता येत नाही. दारूबद्दल, मारहाणीबद्दल, मुलांच्या ताब्याबद्दल बोलता बोलता मध्येच बाई थांबते आणि म्हणते, "घरी कॅमेरा हाये ना ताई." मग पुढचं सगळं बोलणं त्या एका वाक्याभोवती फिरत राहतं.

भंडारा हा धानाचा, तलावांचा, पितळी भांड्यांचा जिल्हा. तसाच तो बाहेरगावी कामाला जाणाऱ्या माणसांचाही जिल्हा आहे. रोवणी आटोपली की कितीतरी घरांतले पुरुष नागपूर, पुणे, हैदराबादची वाट धरतात. मागे राहतात बायका, म्हातारे, लेकरं आणि छपरीत रचलेले धानाचे कट्टे. अशा घराला राखण हवी यात खोटं काहीच नाही. एकट्या राहणाऱ्या विधवेच्या दारावर रात्री कोण थाप मारून जातं हे तिला आतूनच दिसलं तर तिला झोप लागेल. दूर नोकरी करणारी मुलगी दुपारी फोनवर आईचं अंगण पाहते, आई उन्हात बसलेली दिसली की कामाला लागते. या बायका वेड्या नाहीत, आणि कॅमेरा म्हटला की तो वाईटच असं म्हणायला आम्हीही बसलेलो नाही.

पूर्वी कॅमेरा म्हणजे सराफाच्या दुकानात, बँकेत, राइस मिलच्या फाटकावर असायचा. त्याचं चित्र त्याच इमारतीतल्या एका पेटीत साठायचं आणि ते पाहायला त्या पेटीजवळ जावं लागायचं. फायबरची तार गावापर्यंत आली आणि हे बदललं. गावोगावी तार नेण्याची केंद्राची योजना 2011 मध्ये मंजूर झाली, 2015 पासून तिला भारतनेट म्हणतात. त्यासोबत खासगी कंपन्यांच्या आणि स्थानिक केबलवाल्यांच्या तारा आल्या. आता दोन-तीन हजारांत एक लहानसा गोल कॅमेरा मिळतो. तो घरातल्या वायफायला जोडला की त्याचं चित्र राऊटरमधून तारेवाटे कंपनीच्या दूरच्या यंत्रांपर्यंत पोचतं आणि तिथून मालकाच्या फोनवर, मग तो मालक चाकणच्या कारखान्यात असो की दुबईत. बहुतेक कॅमेऱ्यांना कान असतात, कित्येकांना तोंडही असतं. म्हणजे तिकडून बोललेलं इकडे खोलीत ऐकू येतं.

यातला "मालक" हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. कॅमेरा पहिल्यांदा सुरू करताना एक खातं उघडावं लागतं. ते ज्याच्या मोबाइल नंबरवर उघडलं तो त्या कॅमेऱ्याचा धनी. कोणाला चित्र दाखवायचं, कोणाला नाही, कॅमेरा कुठे वळवायचा, काय पुसायचं आणि काय ठेवायचं, हे सगळं तोच ठरवतो. बाकीच्यांना त्याच्या मर्जीनं "शेअर" मिळतं आणि त्याच्याच मर्जीनं ते काढूनही घेतलं जातं. आता आपल्याकडे घराचा सातबारा, नमुना आठ, वीज मीटर कोणाच्या नावावर असतो हे तुम्हाला सांगायला नको. कॅमेऱ्याचं खातंही तिथेच गेलं. फरक एवढाच की सातबारा उतरवून आणता येतो. हे खातं कोणाच्या नावावर आहे हे घरातल्या बाईला माहीतसुद्धा नसतं.

घराच्या दाराशी कॅमेरा लावून त्याचं चित्र आत पाहायची कल्पना मुळात एका बाईचीच आहे. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी कृष्णवर्णीय नर्स. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा जुळायच्या नाहीत, वस्तीत गुन्हे वाढलेले आणि बोलावलं तरी पोलीस वेळेवर येत नसत. रात्री-अपरात्री दार वाजलं तर कोण आहे हे दाराजवळ न जाता कळावं म्हणून तिनं नवऱ्याच्या मदतीनं एक यंत्र रचलं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, झोपायच्या खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय, बसल्या जागेवरून दाराची कडी उघडायचं बटण आणि धोक्याचा इशारा द्यायचं बटण. 1966 मध्ये दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला, 2 डिसेंबर 1969 रोजी ते मिळालं.

त्या रचनेत कॅमेऱ्याचं तोंड बाहेर, रस्त्याकडे होतं. पडदा आणि बटणं बाईच्या हाताशी होती. आमच्याकडे येणाऱ्या बायका सांगतात त्या घरांत नेमकं हेच उलटं झालं आहे. कॅमेऱ्याचं तोंड आत, स्वयंपाकघराच्या दाराकडे, आणि पडदा शेकडो कोस दूर असलेल्या नवऱ्याच्या खिशात. एकीनं हे माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं: "चोरासाठी नाही ताई, माह्यासाठी लावला हाये."

एक घरभेट सांगते. बाईचं गाव, तालुका सांगत नाही. तिनं बचत गटातल्या मैत्रिणीकरवी निरोप धाडला होता म्हणून आम्ही दोघी गेलो. छपरीतून आत आलो, चटईवर बसलो, तिनं पाणी आणलं. अजून एक शब्द बोलणं झालं नव्हतं तोच भिंतीवरून पुरुषाचा आवाज आला, "कोन आल्या आहेत?" तिनं ओढणी सारखी केली आणि वर न बघताच म्हटलं, "गटाच्या बाया." तो म्हणाला, "कशासाठी?" मग आम्हीच बचत गटाच्या हप्त्यांचं बोलणं काढलं, दहा मिनिटं व्याजाचा हिशेब केला आणि उठलो. खरं बोलणं झालं ते दोन दिवसांनी, दळणाच्या चक्कीजवळ, उभ्या उभ्या. नवरा वर्षातून दोनदा घरी येतो. पण ती किती वाजता उठली, शेजारीण किती वेळ बसली, सासूला ताट आधी दिलं की नंतर, कपडे बदलायला आत गेली तर दार का लोटलं, याचा जाब रोज संध्याकाळी फोनवर द्यावा लागतो. मारहाण नाही. अंगावर वळ नाही. वीज गेली की राऊटर बंद पडतो, तेवढा वेळ आपला असं ती म्हणाली. भारनियमनाची वाट पाहणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

"तो काळजीपोटी पाहतो", "लपवायचं काही नसेल तर भ्यायचं कशाला", ही दोन वाक्यं तुम्हीही ऐकली असतील. सासरचे म्हणतात, माहेरचे म्हणतात, कधी तक्रार घेणारेही म्हणतात. पहिल्याला उत्तर सोपं आहे. काळजी असेल तर कॅमेरा दाराबाहेर लागेल आणि तिच्याही फोनवर दिसेल. दुसऱ्याला थोडं सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण आपली चळवळ स्वतःच वर्षानुवर्षं म्हणत आली की घराच्या चार भिंतींआड जे चालतं ते "खासगी" म्हणून झाकू नका. मग आता आपणच खासगीपणा मागायचा का? 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा न्या. चंद्रचूड यांच्या निकालपत्रात हा प्रश्न आलाच आहे. पुरुषसत्ताक रीतींवर पांघरूण घालण्यासाठी खासगीपणाचा वापर होता कामा नये, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे खासगीपणा घराचा नव्हे, घरातल्या माणसाचा. बाईचाही. घराचा खासगीपणा तिला एकटं पाडतो, तिचा स्वतःचा खासगीपणा तिला श्वास घ्यायला जागा देतो. या दोहोंत गल्लत करणाऱ्याशी वाद घालायला आपण तयार असायला हवं.

कायद्यात कॅमेऱ्याचं नाव शोधायला गेलं तर फारसं हाती लागत नाही. 2023 चा डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा माणसानं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही. म्हणजे ज्या जागी आपल्याला तो हवा त्याच जागेच्या उंबऱ्यावर तो थांबतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 77 बाईला कपडे बदलताना, आंघोळ करताना, अशा खासगी क्रियेत चोरून पाहण्याबद्दल आणि चित्रण करण्याबद्दल आहे. पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षांची शिक्षा आहे. परसातल्या न्हाणीकडे शेजाऱ्यानं वळवलेला कॅमेरा यात बसू शकतो आणि अशी तक्रार करताना कचरायचं कारण नाही. पण चुलीजवळ बसलेल्या बाईवर दिवसभर रोखलेला कॅमेरा यात बसत नाही.

तिथे कामाला येतो तो आपला जुनाच, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. त्यात कॅमेऱ्याचा उल्लेख नाही, पण मानसिक आणि भावनिक छळ स्पष्ट आहे. कलम 18 खाली संरक्षण आदेश देताना न्यायालय प्रतिवादीला इलेक्ट्रॉनिक मार्गानं संपर्क करायला मनाई करू शकतं आणि आदेशात नमूद केलेलं कुठलंही इतर कृत्य थांबवू शकतं. या शेवटच्या तरतुदीचा वापर आपण फार कमी करतो. अर्ज लिहितानाच मागणी घालायची: घरातले कॅमेरे काढावेत किंवा बंद करावेत, त्यांचं खातं आणि पासवर्ड अर्जदार बाईच्या ताब्यात द्यावेत, आधीचं चित्रण कोणाला दाखवू नये. कलम 19 खाली राहण्याचा आदेश मिळाला, नवरा घराबाहेर गेला आणि कॅमेरा मात्र त्याच्याच खात्याला जोडलेला राहिला, तर त्याला बाहेर काढून काय साधलं? अनेक कॅमेरे पहिल्या खात्याला बांधलेले असतात. बटण दाबून नव्यानं सुरू केले तरी जुन्या मालकानं सोडल्याशिवाय दुसऱ्या नावावर चढत नाहीत. म्हणून हे आदेशात लिहून घ्यावं लागतं.

आणखी एक निकाल आपल्या फायलीत असू द्या. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचा तंटा होता. एकानं राहत्या भागात कॅमेरे लावले, दुसऱ्यानं हरकत घेतली. 2025 च्या फेब्रुवारीत कलकत्ता उच्च न्यायालयानं सांगितलं की एकत्र राहणाऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. वाद दोन पुरुषांचा होता, मालमत्तेचा होता. म्हणून तर तो इतक्या वर पोचला, असं मनात येतंच. पण "एकत्र राहणारा" या शब्दांत बायको, सून, नणंद, विधवा भावजय बसत नाहीत असं कोण म्हणेल? आपल्या वकील मैत्रिणींनी हा युक्तिवाद करून पाहायला हवा.

त्याच वर्षी 14 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या एका प्रकरणात ठरवलं की पती-पत्नीपैकी एकानं दुसऱ्याचं गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रण त्यांच्यातल्या खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकतं. हे दुधारी आहे. मार खाणाऱ्या बाईकडे कधी कधी तेवढाच पुरावा असतो. पण ज्या घरात कॅमेऱ्याचं खातं नवऱ्याकडे आहे तिथे काय पुसायचं आणि कुठला तुकडा न्यायालयात न्यायचा हेही तोच ठरवणार. तिनं त्याला हाणलेलं वाक्य राहील, त्याआधीचा अर्धा तास राहणार नाही. त्यामुळे मारहाण कॅमेऱ्यासमोर झाली असेल तर तक्रारीतच तसं लिहा आणि चित्रण ताबडतोब जप्त करायची लेखी मागणी पोलिसांकडे करा. साठवण भरली की यंत्र जुनं पुसून त्यावर नवं चढवतं, कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. आणि पेन ड्राइव्हवर उतरवलेली प्रत नुसती नेऊन चालत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं.

इथवर घरच्या माणसांबद्दल बोलले. परक्यांचं थोडक्यात, पण ते सोडून चालणार नाही. 2025 च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणी खोलीचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघडकीला आलं. कॅमेरा दवाखान्यानंच लावलेला, बायका तपासणीला आलेल्या, आणि चित्रण पैसे देणाऱ्या कोणाही पुरुषासाठी खुलं. अटक झालेल्यांत आपल्या महाराष्ट्रातले तरुणही होते. कारखान्यातून आलेला साधासोपा पासवर्ड तसाच राहिल्यानं शिरकाव झाल्याचं तपासातून बातम्यांत आलं. हा प्रकार जगाला नवा नाही. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडणारा जो हल्ला झाला तो असेच पासवर्ड न बदललेले लाखभर घरगुती कॅमेरे आणि राऊटर वापरून. सरकारनं 2025 च्या एप्रिलपासून तपासणी झालेलेच कॅमेरे विकायचं बंधन घातलं आहे. पण भिंतीवर आधीच लागलेल्या बिननावाच्या कॅमेऱ्यांना ते कसं पोचणार? शिवाय आपल्याकडे खातं उघडून देतो तो बसवणारा पोरगा. पासवर्ड त्यानंच ठेवलेला, त्यालाच आठवतो. कित्येकदा तर खातं त्याच्याच नंबरवर असतं. ज्या मैत्रिणींनी स्वखुशीनं कॅमेरा लावला आहे त्यांनी हे आजच पाहावं: खातं आपल्या नंबरवर आहे का, पासवर्ड आपण बदलला का, यादीत अनोळखी नाव जोडलेलं आहे का, फोनवर येणाऱ्या संकेतांकाचं दुसरं कुलूप सुरू आहे का. आणि झोपायच्या, न्हायच्या खोलीत तो मुळीच नको, कितीही भरवशाच्या कंपनीचा असला तरी.

कार्यकर्तींसाठी दोन गोष्टी. घरभेटीला जाताना वर बघायची सवय लावून घ्या. टीव्हीजवळ, देव्हाऱ्याजवळ, दाराच्या चौकटीवर. कॅमेरा दिसला तर केंद्राचं, कायद्याचं, 181 चं नावही तिथे काढू नका, पत्रकं देऊ नका. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. संताप येतो आणि वाटतं, काढ ती वायर आणि फेक. कॅमेरा अचानक बंद झाला की तिकडे त्याच्या फोनवर संदेश जातो, आणि पुढे काय होईल ते आपल्याला नाही, तिला भोगायचं असतं. "बंद पडला तर तो काय करेल?" हा प्रश्न तिला आधी विचारा. भावाला धाडेल, स्वतः येईल, पैसे थांबवेल, जे काही ती सांगेल त्यावर पुढची पायरी ठरते. निघायचं ठरलंच असेल तर कागदपत्रं कॅमेऱ्यासमोरून नेऊ नयेत. एकेक कागद दळणाच्या डब्यातून, मुलाच्या दप्तरातून बाहेर काढलेल्या बायका आहेत.

शेवटी कॅमेरे कुठे हवेत याबद्दल. लाखांदूरच्या सीमेपलीकडे देसाईगंज आहे, वडसा. आताचा गडचिरोली जिल्हा, तेव्हाचा चंद्रपूर. 26 मार्च 1972 च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं. 1979 मध्ये चार कायदेपंडितांनी त्या निकालाविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. मथुरेनं प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत असं न्यायालय म्हणालं होतं. त्या ठाण्याच्या भिंतींशिवाय दुसरं कोणी साक्षीला नव्हतं. 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावायचा आणि चित्रण अठरा महिने, ते अगदीच शक्य नसेल तर किमान वर्षभर जपायचा आदेश दिला. 2025 च्या सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयाला ठाण्यांतले कॅमेरे बंद असल्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. गरिबाच्या स्वयंपाकघरातला कॅमेरा एका दिवसात सुरू होतो आणि वर्षभर बिनबोभाट चालतो, ठाण्यातला मात्र बंद पडतो!

आपापल्या तालुक्याच्या ठाण्यात कॅमेरे किती, चालू किती, चित्रण किती दिवस ठेवतात, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. दहा रुपयांचा शिक्का लागतो. भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी, सातही तालुक्यांतल्या गटांनी हे अर्ज या तिमाहीत करावेत असा आमचा प्रस्ताव आहे. सोबत आपल्या गावातल्या घरांच्या कॅमेऱ्यांचंही लिहून पाठवा: खातं कोणाच्या नावावर, तोंड कोणीकडे, बाईला चित्र दिसतं की नाही. नावं, गावं नकोत. पत्र जरा उशिरा आलं तरी चालेल. गटाच्या बैठकीत, झाडाखाली, कुठेही बसून लिहा, फक्त घरी त्या डोळ्यासमोर बसून लिहू नका.